३१ दिवसांची कावेरी पिल्लं आणि रक्ताची हगवण: आधी पाच दिवस मागं मोजा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी तो माझ्या शब्दात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर कळेल. चिपळूणजवळ कावेरी जातीची ६०० कोंबडीची पिल्लं, तुसाच्या लिटरवर म्हणजे जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थरावर, आज ३१ वा दिवस. २८ व्या दिवशी सकाळी तुसावर रक्त दिसलं, आजपर्यंत ४३ मेली. दुकानदारानं आधी दोन दिवस एन्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, काल ॲम्प्रोलियम हे रक्ताच्या हगवणीचं औषध दिलं १० लिटर पाण्याला एक चमचा, आणि पिल्लांना ताकद यावी म्हणून त्याच पाण्यात बी कॉम्प्लेक्स. २० व्या दिवसापासून खर्च परवडेना म्हणून कंपनीच्या स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या तयार खाद्यात, निम्मी तांदळाची कणी. २२ ते २४ व्या दिवशी पाऊस धो धो, म्हणून पडदे जमिनीपासून वरपर्यंत बंद. आणि शेजारच्यांचा सल्ला की सगळं शेड फिनेलनं धुवून काढा. तुम्हाला विचारायचंय की नेमकं औषध कुठलं आणि पुढच्या बॅचला हे होऊ नये म्हणून काय करायचं.

मी व्हेट म्हणजे पशुवैद्य आहे, गेली १९ वर्षं कोल्हापूर, सातारा आणि खाली कोकणात पोल्ट्रीच बघते, त्यात गावरान आणि कावेरी-गिरिराज वाले छोटे शेतकरी जास्त. तुमची जी गोष्ट आहे ती दर पावसाळ्यात मी ऐकते, आणि मला मनापासून वाईट वाटतं कारण ४३ पिल्लं म्हणजे तुमच्या घरच्या माणसांची महिनाभराची मेहनत आहे. पण उरलेली ५५७ वाचवता येतील, आज संध्याकाळी काय करता त्यावर बरंच आहे.

ही रक्ताची हगवण बहुतेक कॉक्सीची, म्हणजे कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या आजाराची. कॉक्सीचं कॅलेंडर समजून घ्या, बाकी सगळं त्यातून सुटतं. हा जंतू म्हणजे आयमेरिया, बॅक्टेरिया नाही, व्हायरस नाही, एकपेशीय परजीवी आहे. आजारी किंवा वरून ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, ऊसिस्ट म्हणतात. बाहेर पडल्या पडल्या ती निरुपद्रवी असतात, पिल्लानं खाल्ली तरी काही होत नाही. त्यांना पिकायला ओल लागते, हवा लागते आणि २५ ते ३० डिग्रीची ऊब लागते, हे तिन्ही मिळालं की एक ते दोन दिवसात ती तयार होतात. आता ड्रिंकरखालच्या ओल्या तुसात हात घालून बघा, तिथं हे तिन्ही आहे. पिल्लू तिथंच पाणी पितं, तिथंच चोच मारतं, तयार ऊसिस्ट पोटात जातो, पेटीत म्हणजे गिझार्डमध्ये त्याचं कवच दळलं जातं, आतले जंतू आतड्याच्या पेशीत शिरतात आणि तिथं वाढतात, पेशी फोडून बाहेर येतात, पुन्हा नव्या पेशीत शिरतात. पहिल्या तीन दिवसात पिल्लू तुम्हाला मस्त खाताना दिसतं. चौथ्या दिवसाच्या शेवटी, पाचव्या दिवशी दुसरी पिढी फुटते, ती आतड्याच्या खोल थरात असते म्हणून रक्तवाहिन्या तुटतात आणि मग तुम्हाला रक्त दिसतं. पाचव्या-सहाव्या दिवशी मर सर्वात जास्त. सातव्या दिवसापासून नवीन ऊसिस्ट लाखांच्या हिशेबानं बाहेर पडायला लागतात आणि गाडं परत सुरू.

आता मागं मोजा. रक्त २८ ला दिसलं, पाच दिवस मागं, २३ वा दिवस. २३ व्या दिवशी तुमच्याकडं काय झालं होतं? पडदे बंद, तूस ओलं, आणि तीन दिवसांपूर्वीच फीड निम्मं केलेलं. तुमच्या स्टार्टरच्या गोणीवरचं लेबल वाचा, त्यावर सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन किंवा डीओटी असं काहीतरी लिहिलेलं असेल, ते कॉक्सीला दाबून ठेवणारं औषध. कंपनी ते एका ठरलेल्या प्रमाणात घालते, सॅलिनोमायसिन टनाला ६० ग्रॅम, डीओटी १२५ ग्रॅम, मदुरामायसिन फक्त ५ ग्रॅम. तुम्ही निम्मी कणी घातली म्हणजे पिल्लाच्या पोटात निम्मं औषध गेलं. कणी वाईट नाही हो, पण ऐन पावसात, ऐन चौथ्या आठवड्यात, जेव्हा पिल्लाला अजून स्वतःची प्रतिकारशक्ती आलेली नाही, तेव्हा ती ढाल अर्धी केली गेली. हे तुम्हाला गोणी विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं, कुणी सांगत नाही. आणि लेबलवर कॉक्सीचं काहीच नसेल, काही लेयर स्टार्टरमध्ये, म्हणजे अंड्यांसाठीच्या पिल्लांच्या खाद्यात, नसतं, तर मग तुमची पिल्लं पहिल्या दिवसापासून उघड्यावरच होती.

औषधाआधी एक काम करा, नुकतंच मेलेलं पिल्लू उघडा. दोन-तीन तासांच्या आतलं, रात्री मेलेलं सकाळी फुगलेलं नको. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, घरातली जुनी कात्री घ्या, छातीचं हाड संपतं तिथून खाली कापा आणि आतडं अख्खं बाहेर काढून कागदावर लांब पसरा. शेवटाकडं, गुदद्वाराच्या थोडं अलीकडं, आतड्याला दोन्ही बाजूंनी दोन बंद पिशव्या चिकटलेल्या दिसतील, बोटासारख्या, त्या सीकम, म्हणजे आंधळी आतडी. निरोगी पिल्लात त्या मऊ असतात, आत तपकिरी लगदा असतो. तुमच्याकडं त्या फुगून वांग्याच्या रंगाच्या झालेल्या असतील, कात्री लावली की आतून सुटं नाहीतर गोठलेलं रक्त येईल. तसं दिसलं तर तो आयमेरिया टेनेला, या वयात सर्वात जास्त मारणारा प्रकार. दोन-तीन दिवस आजारी राहून मेलेल्यात रक्ताच्या जागी खरवसासारखा घट्ट गोळा सापडतो, पांढरट, मध्ये लालसर, तोही टेनेलाच, फक्त पुढची पायरी.

पण सीकम बघून थांबू नका, अख्खं आतडं वरून खालपर्यंत उभं चिरा. इथं माझी एक चूक सांगते कारण ती मला अजून टोचते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षात एका शेडवर दहा आठवड्यांच्या आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीच्या, तलंगा मरत होत्या, मी दोन उघडल्या, सीकम स्वच्छ दिसली, म्हटलं कॉक्सी नाही, आणि दुसऱ्याच दिशेनं उपचार चालू केले. तिसऱ्या दिवशी माझ्या सीनियर डॉक्टरांनी येऊन आतड्याचा मधला भाग माझ्यासमोर चिरला, तो फुग्यासारखा ताणलेला होता आणि बाहेरूनच त्यावर रवा आणि लाल तिखट एकत्र शिंपडल्यासारखे पांढरे-लाल ठिपके होते. तो आयमेरिया नेकॅट्रिक्स, मोठ्या पक्ष्यांना, साधारण ९ ते १४ आठवड्यात मारतो, आणि त्यात सीकममध्ये रक्त भरलेलं नसतं. ते तीन दिवस फुकट गेले. तेव्हापासून मी कधीही अर्धं आतडं बघून मत देत नाही.

कोंबडीत असे सात प्रकार आहेत. टेनेला आणि नेकॅट्रिक्स रक्त काढतात. आयमेरिया ॲसरव्हुलिना आतड्याच्या अगदी सुरुवातीला पांढऱ्या आडव्या रेषा करतो, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, त्यात मर फारशी नाही पण पक्षी खातो आणि वाढत नाही, ब्रॉयलरवाल्यांचं नुकसान जास्त करून यातच. मॅक्सिमा मधल्या भागात, त्यात नारिंगी चिकट शेंबूड सापडतो. ब्रुनेटी खालच्या आतड्यात, बाकी दोन सौम्य. एक महत्त्वाचं, एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही, हे नंतर लागेल.

रक्त दिसलं म्हणजे कॉक्सीच असंही समजू नका. कोंबडी दिवसातून काही वेळा सीकम रिकामी करते, ती विष्ठा चॉकलेटी, चिकट, घाण वासाची असते, नवीन लोक ती बघून घाबरतात, तो आजार नाही. गंबोरो हा व्हायरसचा आजारही याच वयात, तीन ते सहा आठवड्यात येतो, म्हणून पिल्लू उघडलंच आहे तर कातडी सोलून मांडी आणि छातीच्या मासात रक्ताचे फटकारे आहेत का बघा, आणि गुदद्वाराच्या वर जी गोल गाठ असते, बर्सा, ती सुजून जेलीसारख्या आवरणात आहे का बघा. गंबोरो झालेल्या पिल्लात कॉक्सी दुप्पट जोरानं येते कारण प्रतिकारशक्तीच खचलेली असते, दोन्ही एकत्र मी बऱ्याचदा बघितलंय, आणि तुम्ही गंबोरोची लस कधी दिली ते प्रश्नात लिहिलेलं नाही. जठराच्या ग्रंथींवर रक्ताचे ठिपके आणि हिरवी हगवण असेल तर राणीखेतचा विचार करा. सीकममध्ये गोळा आणि शिवाय लिव्हरवर खड्ड्यासारखे गोल डाग असतील तर तो ब्लॅकहेड नावाचा वेगळा आजार. आणि आतडं आतून खरखरीत, मळक्या टॉवेलसारखं, उघडताच असह्य वास, तर नेक्रोटिक एन्टरायटिस, क्लॉस्ट्रिडियम नावाच्या बॅक्टेरियाचा, तो कॉक्सीनं आतडं फाडल्यावर मागून घुसतो. अँटिबायोटिकचा उपयोग फक्त या शेवटच्यात. तुमचे एन्रोफ्लोक्सासिनचे दोन दिवस म्हणूनच वाया गेले, ते कॉक्सीच्या जंतूला शिवतही नाही.

खात्री करायची असेल तर दोन-तीन ताजे मेलेले पक्षी बर्फात घालून शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाला पोचवता येतात, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांशी आधी बोला. आणि हो, नुसती विष्ठा तपासायला देऊन रिपोर्ट निगेटिव्ह आला तर फसू नका. मगाशी सांगितलं तसं मर पाचव्या दिवशी, ऊसिस्ट सातव्या दिवशी, म्हणजे जे पिल्लू रक्त जाऊन मेलं त्याच्या विष्ठेत ऊसिस्ट नसणं अगदी शक्य आहे. सीकमची आतली त्वचा काचपट्टीवर खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते, त्यात तो जंतू गुच्छागुच्छानं दिसतो. उलटं पण खरं आहे, धडधाकट पक्ष्याच्या विष्ठेत थोडे ऊसिस्ट सापडले म्हणून औषध सुरू करायचं नसतं, जमिनीवरच्या जवळपास प्रत्येक बॅचमध्ये ते असतातच.

आता औषध. काल जे ॲम्प्रोलियम दिलं त्यात दोन चुका झाल्या. पहिली, डोस. २० टक्क्यांची पावडर असेल तर उपचाराचा पूर्ण डोस लिटरला १.२ ग्रॅम, म्हणजे १० लिटरला १२ ग्रॅम, ३ ते ५ दिवस, आणि मग लिटरला ०.३ ग्रॅमवर आणून आठवडा-दोन आठवडे. तुमचा एक चमचा म्हणजे फार तर ५ ग्रॅम, निम्म्याहून कमी. दुसरी चूक बी कॉम्प्लेक्स. ॲम्प्रोलियम काम कसं करतं तर ते दिसायला बी-१ व्हिटॅमिनसारखं आहे, परजीवी त्याला बी-१ समजून घेतो आणि उपाशी राहतो. आपण त्याच पाण्यात खरं बी-१ ओतलं की त्या जंतूचीच सोय झाली. प्रेमापोटी केलेली चूक आहे ही, दर दुसरा शेतकरी करतो, पण कोर्स संपेपर्यंत बी कॉम्प्लेक्स बंद म्हणजे बंद.

तुमच्या जागी मी असते तर, उघडलेल्या पिल्लात टेनेला दिसल्यावर, आज ॲम्प्रोलियम थांबवून टोल्ट्राझुरिल २.५ टक्के सुरू केलं असतं. कारण आपण मरीच्या ऐन मध्यावर आहोत आणि टोल्ट्राझुरिल जंतूच्या पेशीतल्या सगळ्या अवस्थांवर काम करतं, ॲम्प्रोलियमचा जोर सुरुवातीच्या अवस्थेवर. तुमच्या जवळच्या डॉक्टरांना हा हिशेब दाखवून मगच द्या. बाटलीवर लिटरला १ मिली, सलग ४८ तास असं लिहिलेलं असतं, पण पावसाळ्यात पिल्लं पाणी कमी पितात म्हणून मी वजनावर काढते. किलोला ७ मिलिग्रॅम, दोन दिवस. दहा-बारा पिल्लं काट्यावर टाकून सरासरी काढा, समजा ४०० ग्रॅम आली, तर ५५७ पिल्लांचं झालं साधारण २२३ किलो, गुणिले ७ म्हणजे १५६० मिलिग्रॅम, आणि या औषधाच्या एका मिलीत २५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसाला ६२-६३ मिली. तुमची पिल्लं दिवसाला ४५ लिटर पाणी पितात असं धरलं तर लिटरला एक मिलीच्या हिशेबानं फक्त ४५ मिली पोटात गेलं असतं. म्हणून काटा वापरा, अंदाज नको.

या औषधाचं पाणी आंबट करायचं नाही. व्हिनेगर, लिंबू, ॲसिडिफायर, काहीच नको. हे औषध अल्कलाइन आहे, ॲसिड लागलं की फाटतं. एका शेडवर टाकीत आधीच ॲसिडिफायर होतं आणि त्यात औषध ओतलं, सकाळी टाकीच्या तळाला पांढरा साका आणि निप्पल चोक, पिल्लांनी दोन दिवस नुसतं पाणी प्यायलं आणि सगळ्यांना वाटलं औषध बनावट आहे. विक्रीसाठी लेबलवर जितके दिवस थांबायला सांगितलंय तितके मोजून थांबा, तुम्ही ७०-८० दिवसांवर विकताय म्हणजे अडचण नाही. अंड्यावर आलेल्या किंवा यायला टेकलेल्या कोंबड्यांना मात्र हे द्यायचं नाही.

सल्फा म्हणजे सल्फाक्विनॉक्सॅलिन वगैरे हेही चालतं, १९४८ पासून वापरात आहे, ३ दिवस औषध, २ दिवस साधं पाणी, परत ३ दिवस असं. पण सल्फा व्हिटॅमिन के च्या आड येतं, आधीच रक्त जातंय त्यात रक्त गोठणं कमी, आणि किडनीवर भार. दुसरं काही मिळत नसेल तर, सोबत व्हिटॅमिन के देऊन, डोस एक ग्रॅमनंही न वाढवता. दोन-तीन कॉक्सीची औषधं एकत्र टाकू नका.

टोल्ट्राझुरिलचे दोन दिवस झाल्यावर व्हिटॅमिन ए आणि के, इलेक्ट्रोलाइट, मग हवं तर बी कॉम्प्लेक्स. गुळाचं पाणी द्यायला हरकत नाही पण ते औषध नाही. हळद, लसूण, कडुनिंब यावर माझं मत स्पष्ट आहे, ज्या दिवशी तुसावर रक्त दिसलं त्या दिवशी त्यांच्यावर विसंबून बसायचं नाही, एक दिवस गेला की जंतू तेवढा पुढं गेला.

आणि औषध सुरू केल्यावर उद्या-परवा अजून काही मरतील, त्यानं खचू नका, औषधही बदलू नका. ज्यांचं आतडं आधीच फुटलंय त्यांना औषध शिवू शकत नाही. चौथ्या दिवशीही मर तेवढीच असेल तर मात्र परत पक्षी उघडायचा. जी पिल्लं पिसं फुलवून, मान आत घेऊन, पांढराफटक तुरा घेऊन कोपऱ्यात बसलीत ती आज संध्याकाळीच वेगळी काढा, कोरडं तूस, वर बल्ब, आणि औषधाच्या पाण्याचं भांडं अगदी चोचीजवळ. कळपात त्यांना ड्रिंकरपर्यंत जाताच येत नाही, दांडगी पिल्लं ढकलतात, आणि ज्यांना औषध सर्वात जास्त हवं तीच तहानलेली मरतात. मी वेगळी काढलेल्यांतली निम्म्याहून जास्त उठलेली बघितलीत. मेलेली खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्याला टाकू नका, ते ओढत शेडभर फिरवतं. तुमच्या बदकांना किंवा शेळ्यांना यातून काही होणार नाही, शेळीच्या करडांना कॉक्सी होते पण तिचा जंतू वेगळा. माणसालाही नाही.

औषध टाकीत गेलं की लगेच लिटर म्हणजे खालचं तूस बघायचं, ते उद्यावर ढकलायचं नाही, कारण पिल्लं आज जे खातील ते पाच दिवसांनी दिसणार आहे. ड्रिंकरखालून मूठभर तूस घ्या आणि घट्ट दाबून मूठ उघडा. लाडू तसाच राहिला तर फार ओलं, लगेच भुगा होऊन सांडलं तर छान, २०-२५ टक्के ओल आहे असं समजा. तुमच्याकडं लाडू होणार हे मी इथून सांगते. प्रत्येक ड्रिंकरभोवतीचं दोन-अडीच फुटाचं ओलं कडं आणि पापडी झालेले सगळे तुकडे खोऱ्यानं उचलून थेट गोणीत भरा, ढवळू नका, आधी उचला आणि मग बाकीचं हलवा, नाहीतर तेच शेडभर पसरेल. ती गोणी शेडच्या दाराशी ओतू नका. लांब नेऊन ढीग करून प्लास्टिकनं झाका, ढीग आतून ५५ डिग्रीच्या वर तापला की ऊसिस्ट मरतात. काढलेल्या जागी चुन्याचा पातळ हात मारा आणि वर कोरडं नवीन तूस. पावसाळ्यात तूस मिळत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते, म्हणून ते मे महिन्यातच भरून ताडपत्रीखाली ठेवायचं असतं, आत्ता लाकडाचा कोरडा भुसा मिळाला तरी चालेल.

ड्रिंकरची उंची बघा, भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या रेषेत हवी. पिल्लं रोज वाढतात आणि ड्रिंकर पहिल्या आठवड्यातल्या विटेवरच राहतो, मग ती त्यात पाय घालतात, सांडतात. आठवड्यातून दोनदा उचला. आणि पडदे, दादा. कोकणातला पाऊस मला माहितीय, आडवा येतो, पण पडदा वरून एक-दीड फूट उघडा राहिलाच पाहिजे, ओल आणि अमोनिया बाहेर जायला दुसरी वाट नाही. सकाळी शेडमध्ये शिरून खाली बसा, पिल्लाच्या उंचीला, डोळे चुरचुरले तर ती हवा पिल्लं रात्रभर घेतायत. पागोळ्यांचं पाणी जाळीतून आत उडतंय का तेही बघा, पत्रा तीन फूट बाहेर नसेल तर निदान बाहेरून चर खणा आणि त्या बाजूला शेडनेट लावा.

फिनेलचं काय, तर नाही. फिनेल, क्लोरीन, फॉर्मेलीन, पोटॅशियम परमँगनेट, आपण शेडमध्ये जे नेहमी वापरतो त्यातलं जवळपास काहीच ऊसिस्टच्या कवचाला भेदत नाही, आणि पिल्लं आत असताना शेड धुतलं तर वरून ओल वाढवली. ऊसिस्टला मारतं ते उष्णता आणि कोरडेपणा. म्हणून बॅच निघाल्यावर तूस सगळं बाहेर, खरडणं, धुणं, पूर्ण सुकू देणं, मग जमीन, भिंतीचा खालचा दोन फूट भाग आणि कोपरे फ्लेमगननं सावकाश, आणि त्यावर चुन्याचा लेप. पंधरा दिवस रिकामं ठेवा.

पण एवढं करूनही ऊसिस्ट शून्य होत नाहीत, चपलेतून, क्रेटमधून, माश्यांवरून, तुसातल्या काळ्या किड्यांवरून, उंदरांवरून येतातच. आणि शून्य झाले तरी फायदा नाही, कारण पिल्लाला प्रतिकारशक्ती येते ती थोडे थोडे ऊसिस्ट वारंवार पोटात जाऊनच. आपल्याला हवं असतं की चार-पाच आठवड्यात त्यानं ते थोडं थोडं खावं, एकदम मूठभर नको. १९७१ साली मोनेन्सिन आलं, मग त्याच्या जातीची सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन वगैरे, ही सगळी आजपर्यंत टिकलीत त्याचं एक कारण हेच की ती जंतूला शंभर टक्के मारत नाहीत, थोडा सोडतात, आणि खाली पक्षी स्वतः तयार होत जातो. मात्र एकच औषध वर्षानुवर्षं वापरलं की जंतू सरावतो, म्हणून दोन-तीन बॅचनंतर गट बदला.

तर पुढच्या बॅचला पहिले सहा ते आठ आठवडे कॉक्सीचं औषध असलेलं फीड पूर्ण द्या, कणी त्यानंतर. खर्च झेपत नसेल तर पिल्लं ४०० घ्या पण फीड पातळ करू नका, जागाही मोकळी मिळेल, या वयाला पिल्लामागे एक स्क्वेअर फूट आणि नंतर दीड-दोन लागतंच. घरीच फीड बनवून त्यात ही औषधं घालणार असाल तर जपून, मदुरामायसिन टनाला ५ ग्रॅमच्या जागी १० गेलं किंवा नीट मिसळलं नाही तर पिल्लं पायातून जातात. आणि यातलं मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन फीडमध्ये चालू असताना सर्दीसाठी टियाम्युलिन कधीच नाही. पावसाळ्यात घरघर लागते, दुकानातून टियाम्युलिन येतं आणि दोन दिवसात पाय लुळे पडून मर होते, मग लोक त्याला मरेक्स, म्हणजे व्हायरसनं येणारा लकवा, समजतात. अंड्यासाठी पाळणार असाल तर हॅचरीला कॉक्सीच्या जिवंत लसीबद्दल विचारा, ती सौम्य ऊसिस्टचीच असते, पहिल्या काही दिवसात देतात, पण ती दिली तर फीडमध्ये कॉक्सीचं औषध नको, नाहीतर लस मरते.

१८ ते २५ हे दिवस भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. त्या आठवड्यात रोज मुठीनं तूस दाबायचं आणि रोज सकाळी फीड किती उरलं ते बघायचं. रक्ताच्या एक-दोन दिवस आधी फीड उरायला लागतं आणि पाणी तेवढंच जातं, ती खूण पकडली की अर्धी मर वाचते.

या बॅचचं मात्र इथं संपलं असं समजू नका. वाचलेल्या पिल्लांना टेनेलापुरती प्रतिकारशक्ती आली, नेकॅट्रिक्स आणि मॅक्सिमाला नाही, आणि तुम्ही त्यांना आता बाहेर सोडणार, शेडच्या दारातला चिखल तसाच. तिथं मुरूम टाकून घ्या, आणि आठव्या-नवव्या आठवड्यात एखादा पक्षी सुकला, तुरा पांढरा पडला आणि मेला तर सीकम स्वच्छ दिसलं तरी मधलं आतडं चिरून बघा. परवा सकाळी किती मेली आणि आतमध्ये काय दिसलं ते, गंबोरोच्या लसीच्या तारखेसकट, इथंच लिहा, मी बघते.